बुळकांडी गेली कोणाच्या हातून?

२०११ साली, मे आणि जून महिन्यांत, जगाला दोन घोषणा ऐकायला मिळाल्या. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २५ मे रोजी आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २८ जून रोजी जाहीर केले की, बुळकांडी हा गुरांचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला आहे. माणसाने एखादा रोग समूळ नष्ट केल्याची इतिहासातली ही दुसरीच घटना. पहिली १९८० सालची, देवीच्या रोगाची. देवीची गोष्ट आपण वर्गात हमखास सांगतो. बुळकांडीची मात्र फारशी कोणी सांगत नाही. गावातल्या ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्याला विचारले, तर तो हा रोग नावानिशी ओळखतो. त्याच्या नातवाने ते नावही ऐकलेले नसते.

या गोष्टीत लस आहे, प्रयोगशाळा आहेत, नामवंत शास्त्रज्ञ आहेत. पण तिचा शेवट प्रयोगशाळेत झाला नाही. पृथ्वीवरच्या ज्या शेवटच्या काही भागांत बुळकांडी तग धरून होती, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी युद्ध चालू होते, आणि तिथली माणसे गुरांमागे फिरणारी होती. तिथे रस्ते नव्हते, वीज नव्हती, दवाखाना नव्हता. तिथून हा रोग कसा गेला हे समजून घेण्यासाठी आधी गुरे, फौजा आणि रोग यांचे जुने नाते पाहायला हवे. त्याची सुरुवात आपण आपल्या वर्धा जिल्ह्यापासून करू.

फौजेचा बैल

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) या तालुक्यांत गवळाऊ नावाचा गोवंश आहे. पांढरा किंवा राखी रंग, लांबट चेहरा, हलके अंग आणि चपळ पाय ही त्याची ओळख. नंद गवळी समाजाने पिढ्यान् पिढ्या हे कळप रानात चारून सांभाळले. कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे या जातीसाठी शासकीय पैदास क्षेत्र उभे राहिले. १९४१ साली जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने वर्ध्यात गोसेवा संघ स्थापन झाला, तेव्हा त्या कामातही याच स्थानिक जातीला महत्त्वाचे स्थान मिळाले.

हा बैल इतका चपळ का? गोवंशांविषयीच्या जुन्या नोंदींत याचे एक कारण दिलेले आढळते. डोंगराळ, जंगली गोंडी मुलखातून मराठ्यांच्या फौजांना वेगाने हालचाल करावी लागे. त्यासाठी लागणारी ओझी वाहणारी हलकी आणि जलद जात म्हणून गवळाऊची जोपासना झाली, असे त्या नोंदी सांगतात. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ साली बंगालवर गेल्या, त्या याच प्रकारच्या मुलखातून.

रेल्वे आणि मोटार येण्यापूर्वी प्रत्येक फौज गुरांच्या पाठीवर चाले. तोफा बैल ओढत, धान्य बैल वाहत. शेळ्यामेंढ्या तर खाण्यासाठीच बरोबर असत. म्हणजे फौज निघाली की तिच्यासोबत हजारो जनावरांचा एक चालता कळप निघे. तो दर मुक्कामाला नव्या गावच्या पाणवठ्यावर उतरे आणि नव्या गावच्या गुरांत मिसळे. रोगाला आणखी काय हवे?

रोगाचा स्वभाव

बुळकांडीचा विषाणू हा माणसाच्या गोवराच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक. गोवराचा विषाणू बुळकांडीच्याच पूर्वजापासून वेगळा झाला असे आज मानले जाते. रोगी जनावराला सणकून ताप येई, डोळ्यांतून आणि नाकातून स्राव वाहे, तोंडात व्रण पडत आणि मग पाण्यासारखी हगवण लागे. पूर्वी कधी हा रोग न पाहिलेल्या कळपात तो शिरला, तर आठ-दहा दिवसांत दहापैकी आठ-नऊ जनावरे मरत.

पण या विषाणूच्या काही कमकुवत बाजूही होत्या. जनावराच्या शरीराबाहेर तो फार काळ टिकत नसे, त्यामुळे रोगी आणि निरोगी जनावरे जवळ यावी लागत. रोगातून वाचलेले जनावर विषाणू बाळगून राहत नसे, आणि त्याला पुन्हा हा रोग होत नसे. विषाणूच्या उपजाती असल्या, तरी एकच लस सर्वांवर चाले. थोडक्यात, या विषाणूला जिवंत राहायचे तर सतत नवी, प्रतिकारशक्ती नसलेली जनावरे मिळत राहायला हवीत. शांततेच्या काळात गावे आपापल्या जागी असतात आणि ही साखळी कुठेतरी तुटते. युद्धात माणसे गुरे घेऊन पळतात, लुटलेली गुरे दूर नेली जातात, वेगवेगळ्या मुलखांतले कळप एकाच पाणवठ्यावर येतात. साखळी जोडलेलीच राहते.

युरोपात अठराव्या शतकातल्या लढायांबरोबर हा रोग वारंवार पसरला. फ्रान्समध्ये लिऑन येथे १७६१ साली क्लोद बूर्जला यांनी जगातले पहिले पशुवैद्यक विद्यालय काढले, त्यामागे या रोगाची दहशत हे एक मोठे कारण होते. आफ्रिकेची कहाणी सर्वांत भयंकर. १८८७ च्या सुमारास इटलीच्या सैन्यासाठी लाल समुद्राकाठच्या मसावा बंदरात गुरे उतरवली गेली. ती भारतातून आली होती असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांच्याबरोबर आलेली बुळकांडी दहा वर्षांत खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचली. इथिओपियात नांगराचे बैल मेले आणि १८८८ ते १८९२ या काळात भीषण दुष्काळ पडला. मसाईंसारख्या पशुपालक जमातींचे जगण्याचे साधनच गेले.

पुणे, मुक्तेश्वर आणि लस

भारतात हा रोग घरचाच होता. १८७१ साली हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने गुरांच्या साथींविषयीचा आपला अहवाल सरकारला दिला. त्यानंतर १८८९ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. जिवंत विषाणूवरचे प्रयोग भरवस्तीत करणे धोक्याचे, म्हणून १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे मूळ हेच.

मुक्तेश्वरलाच १९२०च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी एक महत्त्वाचे काम केले. बुळकांडीचा विषाणू त्यांनी एका बकऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा शेकडो वेळा वाढवला. बकऱ्याच्या शरीराला सरावत गेलेला हा विषाणू गाईबैलांसाठी सौम्य झाला. तो टोचला की देशी जनावराला थोडा ताप येई आणि पक्की प्रतिकारशक्ती मिळे. याच लशीच्या बळावर स्वतंत्र भारताने १९५४ साली राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. पाच वर्षांत किमान ८० टक्के गुरांना लस टोचायची असे उद्दिष्ट होते. दरसाल हजारोंनी होणारे उद्रेक दहा वर्षांत काही शेकड्यांवर आले.

हा ८० टक्क्यांचा आकडा कुठून येतो, हे वर्गात सहज दाखवता येईल. समजा, एक रोगी जनावर सरासरी चार जनावरांना रोग देते. या चारपैकी तीन आधीच सुरक्षित असतील, तर रोग एकालाच होईल आणि साथ वाढणार नाही. तीनपेक्षा अधिक सुरक्षित असतील, तर साथ विझत जाईल. म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर जायला हवे. पण इथे एक मेख आहे. लस टोचलेली जनावरे आणि सुरक्षित झालेली जनावरे हे दोन आकडे एक नव्हेत. समजा, १०० पैकी ६० जनावरे पथकाला सापडली आणि उन्हात ठेवल्यामुळे दर पाच मात्रांतली एक निकामी झाली. तर सुरक्षित झालेली जनावरे किती? ६० पैकी ४८. नोंदवहीत ६० आणि रानात ४८, आणि हवी होती ७५ पेक्षा जास्त.

नेमके इथेच घोडे अडले. उद्रेक कमी झाले, पण संपेनात. दरवर्षी नवी वासरे जन्माला येत, म्हणजे विषाणूला नवे खाद्य मिळे. पथक गावात येई तेव्हा गुरे रानात असत. ज्यांचा मुक्काम ठरलेला नाही, अशा फिरस्त्यांचे कळप कोणत्याच गावच्या यादीत नसत. त्यात लस थंड ठेवण्याचा प्रश्न. केनियात मुगुगा येथे विल्यम प्लाउराइट यांनी १९६०च्या सुमारास पेशींच्या संवर्धनात वाढवलेली नवी लस तयार केली. ती सर्व जातींच्या गुरांना चाले आणि जन्मभराची प्रतिकारशक्ती देई. पण तिलाही बर्फ हवाच होता. पाण्यात मिसळल्यावर तर ती काही तासांतच वापरावी लागे. वर्ध्याचा मे महिना ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

फौज आणि रोग यांचे नातेही संपले नव्हते. श्रीलंकेतून बुळकांडी १९४६ नंतर नाहीशी झाली होती. १९८७ साली भारतीय शांतिसेना तिथे गेली. तिच्या अन्नासाठी भारतातून नेलेल्या शेळ्यांबरोबर विषाणू बेटावर परतला. उत्तर आणि पूर्व भागात लढाई चालू होती, तिथेच तो पसरला. श्रीलंकेतला शेवटचा उद्रेक १९९४ सालचा. यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. दोनशे वर्षांपूर्वीची वाट नव्या काळातही तशीच उघडी होती, इतकेच.

बर्फाशिवाय लस

१९९० च्या सुमारास आफ्रिकेत बुळकांडी जिथे उरली होती, त्यांत दक्षिण सुदान हा एक मोठा भाग होता. तिथे १९८३ पासून यादवी युद्ध पेटलेले होते. डिंका आणि नुएर या पशुपालक जमाती त्यात भरडल्या जात होत्या आणि १९९१ नंतर त्या एकमेकींशीही लढत होत्या. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तिथे मदतकार्य सुरू झाले.

माणसे उपाशी असताना गुरांना लस टोचण्याला काय अर्थ, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील आणि तो रास्त आहे. उत्तर असे की, या लोकांचे शेत म्हणजे गाय. लहान मुलांचे पोट दुधावर भरते. लग्न गाईंवर ठरते, आणि भांडण मिटवतानाची भरपाईही गाईंतच देतात. कळप मेला की कुटुंब मदतछावणीच्या दारात येते. किंवा त्या घरातले तरुण शेजारच्या जमातीची गुरे पळवायला निघतात. म्हणजे युद्ध रोगाला पसरवते आणि रोग नव्या भांडणाला जन्म देतो. हे चक्र कुठेतरी तोडायचे, तर लस हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय होता.

यासाठी दोन गोष्टी जुळून आल्या. पहिली प्रयोगशाळेतली. जेफ्री मारिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू प्लाउराइट यांचाच ठेवला, पण लस वाळवण्याची पद्धत बदलली. साखरेसारखे रक्षक पदार्थ योग्य प्रमाणात घातले आणि गोठवून वाळवण्याची क्रिया अधिक वेळ चालवली, त्यामुळे लशीत ओलावा फारच थोडा राहिला. दूध काही तासांत नासते, पण दुधाची भुकटी महिनोन्महिने टिकते. इथेही साधारण तसेच तत्त्व आहे. पाणी नसले की रेणूंची मोडतोड मंदावते आणि साखरेचा काचेसारखा थर विषाणूला धरून ठेवतो. ही लस बर्फाशिवाय ३० दिवसांपर्यंत नेता येई. म्हणजे ती झोळीत घालून पायी चालत नेता येऊ लागली.

दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. ही झोळी कोणाच्या खांद्यावर द्यायची? सरकारी पथक तिथे जाऊ शकत नव्हते. मग पशुपालकांनी आपल्यातूनच माणसे निवडली. त्यांना थोड्या अवधीचे प्रशिक्षण देऊन लस टोचायला शिकवले. त्यांतल्या अनेकांना लिहितावाचता येत नव्हते. पण गुरांच्या कोणत्या तळावर कधी जायचे, कोणाच्या परवानगीने जायचे, आज कोणता पाणवठा धोक्याचा आहे, हे त्यांना ठाऊक होते. गुरे धरणे आणि रोग ओळखणे तर त्यांचे रोजचेच काम.

परिणाम आकड्यांत पाहू. दक्षिण सुदानमध्ये १९९२ साली सुमारे १ लाख ४० हजार गुरांना लस मिळाली होती. नव्या पद्धतीने १९९३ साली हा आकडा जवळजवळ १५ लाखांवर गेला. १९९३ साली नोंदलेले ११ उद्रेक १९९७ साली एकावर आले. युद्ध मात्र २००५ पर्यंत चालूच होते. इथिओपियाच्या अफार या वाळवंटी भागात १९९४ साली अशाच २० जणांनी सुमारे ७३,००० गुरांना लस टोचली आणि तपासणीत सुमारे ८३ टक्के प्रतिकारशक्ती आढळली. वरचे गणित आठवा. जी रेषा ओलांडायची होती, ती गुराख्यांनी ओलांडून दाखवली होती.

शोध घेणारे डोळे

भारतात युद्ध नव्हते, पण धडा तोच निघाला. १९९२ साली सुरू झालेल्या नव्या राष्ट्रीय प्रकल्पात, नुसती लस टोचत राहण्याऐवजी रोग शोधण्यावर भर आला. गावोगावी जाऊन, गुरांच्या वाटांवर आणि बाजारांत थांबून पशुपालकांना विचारायचे: असा ताप, असे डोळे, अशी हगवण अलीकडे पाहिलीत का? जून १९९५ मध्ये तामिळनाडूत शेवटचा उद्रेक नोंदला गेला. मग टप्प्याटप्प्याने लसीकरण बंद करण्यात आले. रोग गेला याची खात्री करायची, तर हे करावेच लागते. सगळीच गुरे लस घेतलेली असतील, तर विषाणू गेला की लपला हे कळणार कसे? रक्तात सापडलेली प्रतिद्रव्ये लशीची की रोगाची, हेही ओळखता येत नाही. लस थांबवून, नव्या वासरांचे रक्त तपासून, वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर २००६ साली भारत बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. जगातला शेवटचा नोंदलेला रुग्ण २००१ साली केनियातल्या मेरू राष्ट्रीय उद्यानात सापडला, तो एक रानम्हैसा होता.

आजची वाट

बुळकांडी गेली, पण तिची भावंडे आहेत. शेळ्यामेंढ्यांना होणारा पीपीआर हा तिच्याच कुळातला. भारतात तो १९८७ साली तामिळनाडूतल्या अरसूर गावी पहिल्यांदा निश्चितपणे ओळखला गेला. तोवर शेळ्यामेंढ्यांत तो दिसला की बुळकांडी समजली जाई. त्याची चांगली लस भारतातच तयार झाली असून २०३० पर्यंत तो जगातून घालवण्याचे उद्दिष्ट आहे. लम्पी त्वचारोगाचा विषाणू वेगळ्या कुळातला. २०२२ साली तो महाराष्ट्रभर पसरला, तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचून साथ आवरण्यात आली.

या रोगांशी लढताना जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. आज प्रत्येक जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो आणि त्याच्या नावे लशीची नोंद होते. ही चांगली सोय आहे. पण वर्धा जिल्ह्याच्या रानांतून दरवर्षी मेंढ्यांचे कळप घेऊन जाणाऱ्या धनगरांचे किंवा काठेवाडी मेंढपाळांचे गाव कोणते धरायचे? गावाची गुरे आखरावर गोळा करून रानात नेणाऱ्या गोवाऱ्याला लसीकरणाच्या बैठकीला कोण बोलावते? इथे बंदुकांचे युद्ध नाही, पण चराईवरून तंटे आहेत. बोर अभयारण्य १९७० साली झाले आणि २०१४ साली तो व्याघ्र प्रकल्प झाला. रान राखणे गरजेचे आहे. पण जंगलाच्या कडेने गुरे चारणारा माणूस वनरक्षकाला चुकवू लागला, शेतकऱ्याशी भांडून रात्रीतून तळ हलवू लागला, की तो पशुवैद्यालाही सापडत नाही. मग नोंदवहीतले ६० पुन्हा रानातले ४८ होतात, आणि त्याची किंमत गावातल्या गोठ्यालाही मोजावी लागते. रोगाला चराईचा परवाना लागत नाही.

शिक्षकांना यातून एक छोटा उपक्रम घेता येईल. विद्यार्थ्यांनी गावातल्या वृद्ध पशुपालकांना भेटून बुळकांडी, लाळ्या खुरकूत, घटसर्प, फऱ्या या रोगांची लक्षणे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावीत आणि मग ती पशुवैद्यकीय पुस्तकातल्या वर्णनाशी ताडून पाहावीत. गावातून कोणते फिरते कळप कधी आणि कोणत्या वाटेने जातात, याचा नकाशाही काढावा. हा नकाशा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला दिला, तर तो तिथे खरोखर उपयोगी पडेल. शिवाय विज्ञान फक्त प्रयोगशाळेत घडते, ही विद्यार्थ्यांची समजूतही थोडी सैल होईल. बुळकांडीची लस शास्त्रज्ञांनी दिली. तिला शेवटच्या गाईपर्यंत नेले ते गाईमागे चालणाऱ्या माणसाने.